शहागडचा आरमारप्रमुख

शहागडात माणूस होडी बांधायला लागला, की त्याला कारण विचारावं लागत नाही. ते ठरलेलं असतं: वाळू. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, गोदावरीच्या काठचं आमचं गाव. इथे नदीतून मासे काढणारे आहेत, मोटारीनं पाणी काढणारे आहेत आणि अंधार पडल्यावर वाळू काढणारेही आहेत. नदीत जाऊन काहीच न काढता परत आलेला माणूस मात्र अजून कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे मी अंगणात प्लायवूड कापायला घेतलं, तेव्हा शेजारी कुंपणावरून वाकून हळूच म्हणाले, "वाळूची का, सर?"

"नाही हो. शिडाची. हौस म्हणून."

त्यांनी डोळा मारला. "बरोबर आहे. असंच सांगत जा."

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्यात राक्षसभुवनची लढाई आली की मला जरा जास्तच चेव येतो, कारण ती इथेच, नदीपलीकडे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात झाली. १० ऑगस्ट १७६३. ऐन पावसाळ्यात निजाम अली अर्धी फौज घेऊन गोदावरी उतरून गेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला आणि पेशव्यांनी त्याला तिथेच गाठून संपवला. नदीकाठच्या माणसानं स्वतःचं तारू बाळगावं, हा धडा या लढाईतून कुठल्याही इतिहासकारानं काढलेला नाही. मी काढला. त्यात कमांडर दिलीप दोंदे यांची हकीकत वाचनात आली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' घेऊन हा गडी एकटा, शिडावर, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतला. मग आपण निदान बीड जिल्ह्यापर्यंत जायला काय हरकत आहे?

होडी कुठली बांधायची यावर मात्र मी खरोखर अभ्यास केला, आणि तिथेच घात झाला. साधी शिडाची होडी वाऱ्यानं आडवी होऊ नये म्हणून तिच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं वजन द्यावं लागतं. ट्रायमरनला ते लागत नाही. मधे एक अरुंद होडी आणि आडव्या तुळयांच्या टोकांना, दोन्ही बाजूंना, एकेक छोटी तरंगती होडी. ज्या बाजूला कलेल त्या बाजूची पाण्यात दबते आणि पाणी तिला वर रेटतं. मालवणकडचे मच्छीमार होडीला एका बाजूनं उलांडी लावत आले आहेत. इथे दोन्हीकडे लावायची. वजन नाही म्हणून हलकी, हलकी म्हणून वेगवान, आणि तरंगायला फूटभर पाणी पुरे. फूटभर पाणी! मराठवाड्यातल्या माणसाला याहून मोठं आमिष कोणतं असणार?

शिवाय ती घडी होते. न्यूझीलंडच्या इयन फॅरियर यांनी १९७० च्या दशकात अशी रचना काढली, की दोन्ही बाजूंच्या होड्या घडीच्या खाटेसारख्या आत मिटतात आणि सगळा पसारा गाडीमागं ओढून नेता येतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत लागते. माझी १६ फुटी होडी पाण्यात साडेचार मीटर रुंद, रस्त्यावर २.४. कागदावर.

घरच्या अंगणात प्लायवूडची ट्रायमरन कुणीही बांधू शकतो, हे अमेरिकेच्या आर्थर पायव्हर यांनी जगाला पटवलं. १९६० मध्ये त्यांनी स्वतः बांधलेल्या ३० फुटी ट्रायमरनमधून अटलांटिक ओलांडला आणि हौशी लोकांना नकाशे विकले. हेच पायव्हर १९६८ मध्ये एकटे समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, ही माहिती मला प्लायवूडचे पैसे देऊन झाल्यावर मिळाली. दुकानदार कापलेला माल परत घेत नाही.

आता खर्च. प्लाय साधं चालत नाही. मरीन लागतं, आयएस ७१०. सहा मिलिमीटरचे बारा ताव, २६ हजार. फळ्या खिळ्यांनी जोडायच्या नसतात. कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायच्या, मग सांध्यावर इपॉक्सी आणि काचकापड चढवायचं. तांब्याची तार तेवढी सहज मिळाली. शेतातल्या मोटारी जळत राहतात, त्यामुळे आमच्या भागात रिवाइंडिंगची दुकानं चहाच्या टपऱ्यांइतकी. मदतीला घेतलेल्या सुतार मिस्त्रींनी सगळा प्रकार पाहून एकच विचारलं, "सर, लाकूड शिवायचं असतंय, तर मग टेलरला का नाही बोलावलं?"

इपॉक्सीनं खरा हिसका दाखवला. उष्णता वाढली की ती झपाट्यानं घट्ट होते, आणि घट्ट होताना स्वतःच तापते. हे काम सुट्टीत करायचं म्हणून मी मे महिना निवडला होता. बेचाळीस अंशांत प्लॅस्टिकच्या डब्यात अर्धा किलो माल कालवला, ब्रश शोधायला आत गेलो, आणि बाहेर येईतो डबा धुमसत होता. चारशे रुपयांचा दगड झाला. तेव्हापासून आम्ही पहाटे काम करू लागलो. पहाटे चार वाजता, बॅटरीच्या उजेडात, तोंडाला फडकी बांधून होडी बांधणारी दोन माणसं. गावाची उरलीसुरली शंकाही फिटली.

सांगाडा म्हणजे एकूण खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा, असं जाणकार म्हणतात. खरं आहे. डोलकाठी, शीड, दोर, कप्प्या, न गंजणारे बोल्ट यांत सगळा पैसा जातो. शीड मी निळ्या ताडपत्रीचं केलं, तरी बेरीज १ लाख ८० हजारांवर गेली. ही बेरीज माझ्या वहीतली. घरी सांगायची बेरीज वेगळी होती, ती ५५ हजारांवर थांबली होती. "अहो, मग सोसायटीतून कर्ज कशाला काढलंत?" असं सौभाग्यवतींनी विचारलं, तेव्हा मी विठ्ठल सुंदरचा विषय काढला.

उलांड्या बसवल्या त्याच आठवड्यात वाळूवाल्यांच्या शोधात फिरणारं एक पथक दारात आलं. अशा पथकांनी पकडलेल्या बोटी जिलेटिन लावून उडवल्याचे फोटो पेपरात येत असतात. साहेबांनी अंगणात नजर फिरवली. "तीन बोटी?"

"नाही साहेब, एकच. तीन मिळून एक."

"पंप कुठं लपवलाय?"

मी फॅरियर सांगितला, पायव्हर सांगितला, उलांडी सांगितली. साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, एवढं खर्चून वाळू पण काढायची नाही?" त्यांच्या आवाजात संशय उरला नव्हता, काळजी होती.

बोट तयार होती, पण पाणी नव्हतं. उन्हाळ्यात पात्रात डबकी. जून-जुलैत वारा झकास असतो, तेव्हा नदी रिकामी. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले की अशी नदी येते, की काठावर उभं राहायचीही छाती होत नाही. पूर ओसरून बंधाऱ्यांत पाणी अडलं की ऑक्टोबरात पृष्ठभाग आरशासारखा होतो, आणि वारा गेलेला असतो. जायकवाडीच्या जलाशयावर, नाथसागरावर जावं, तर ते पक्षी अभयारण्य. त्यामुळे ऑक्टोबरच.

ट्रॅक्टरमागं लावून होडी घाटावर नेली. शीड चढलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि आम्ही तासाला शंभर फूट या वेगानं निघालो. मधे वाळू उपसलेल्या खड्ड्यांवर पाणी खोल, पुढं लगेच गुडघाभर. तिथे तळाची फळी जलपर्णीत गुंतली. ना पुढं, ना मागं. तेवढ्यात एक भोई दादा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हातानं पाणी मारत जवळ आले. त्यांनी जाळं आवरलं, दोर मागितला आणि दोनशे रुपयांच्या तराफ्यानं पावणेदोन लाखांची ट्रायमरन ओढत बीड जिल्ह्याच्या काठाला लावली. मी आभार मानले, तर म्हणाले, "मोठी आहे ना, म्हणून अडकती." गंगापूर तालुक्यात भिव धानोऱ्याची पोरं अशाच थर्माकोलवर बसून शाळेला जात होती, हे मला तेव्हा आठवलं. होडीच्या अभ्यासात ते थर्माकोल मी धरलंच नव्हतं.

होडी पुलावरून ट्रॅक्टरनंच परत आणली. सध्या ती घडी घालून अंगणात आहे, मधल्या भागात तूर ठेवली आहे. ट्रॉली मात्र फार उत्तम झाली. शेतीच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं ती सवयीनं उसाच्या मापानं बनवली. होडी दीडशे किलोची, ट्रॉली चारशेची. बेणं, खत, मंडपाचं सामान नेण्यासाठी ती भाड्यानं जाते आणि सोसायटीचा हप्ता तीच भरते. होडी पाहायची असेल, तर वाचकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जरूर यावं, पाणी असतं. वारा तेवढा सोबत आणावा.