फुकटचं रान

पैसे भरून तंबू ठोकणाऱ्या लोकांची मला मनापासून कीव येते. आखून दिलेले गाळे, गाळ्याला नंबर, एक लाकडी बाक, एक लोखंडी शेगडी, कोपऱ्यावर संडास, आणि शेजारच्या तंबूतला गृहस्थ कूस बदलतो तेही ऐकू येईल एवढंच अंतर. याला कॅम्पिंग म्हणायचं असेल तर सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या तीन पिढ्यांनी कॅम्पिंगच केलं. हे वाक्य मी फिनिक्सला आमच्या मंडळाच्या कोजागरीत दरवर्षी टाकतो. लोक हसतात. मग मसाला दुधाचा एक घोट घेऊन, आवाज जरा खाली आणून म्हणतो, “आम्ही बुवा सह्याद्रीत वाढलेली माणसं. नंबराचं जंगल आम्हाला चालत नाही.”

बायको नेमकी अशा वेळी दुधाच्या पातेल्याकडे निघून जाते. तिला माझा सह्याद्री ठाऊक आहे. राजमाचीला मी ज्या रात्री ‘उघड्यावर’ काढल्या, त्या उधेवाडीतल्या एका घराच्या ओसरीवर, पिठलं-भाकरी हाणून, त्या घरच्या मावशींनी दिलेल्या घोंगडीत. हरिश्चंद्रगडावर गुहेत. जागा शोधायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या ग्रुपच्या मागे चालत राहिलं की ती यायचीच.

इथे मात्र ती शोधावी लागते, आणि माझा सगळा तोरा त्या शोधण्यावरच उभा आहे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं वेगळी आणि राष्ट्रीय वनं वेगळी. उद्यानात, म्हणजे समजा ग्रँड कॅन्यनच्या काठावर, गाळा हवा असेल तर सहा महिने आधी आरक्षणाला बसा. वनांचा कारभार 1905 पासून शेतकी खात्याकडे आहे आणि त्या खात्याचं मन मोठं आहे. नळ नाही, संडास नाही, बाक नाही, कचऱ्याचा डबा नाही, म्हणून भाडंही नाही. परवानगी असलेल्या रस्त्याच्या कडेला गाडी लावा आणि पथारी पसरा. चौदा दिवस तुम्हाला कोणी ऊठ म्हणणार नाही. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. मी याला निसर्गाशी एकरूप होणं म्हणतो. बायको याला पुणेरीपणा म्हणते.

आमचं रान म्हणजे उत्तर ॲरिझोनातलं कैबाब. त्याची मुख्य कचेरी विल्यम्स गावात आहे. गाव तीन हजार वस्तीचं. एक मुख्य रस्ता, त्यावर निऑनच्या पाट्या, आणि 1901 साली पहिल्यांदा धावलेली ग्रँड कॅन्यनची आगगाडी. जुन्या रूट 66 वरचं हे शेवटचं गाव, ज्याला नव्या महामार्गाने 1984 साली वळसा घातला. फिनिक्सहून तीन तासांची वाट. पण खाली तापमान 43 अंश असतं तेव्हा इथे, साडेसहा हजार फुटांवर, सावलीत बसलं तर चहा गार होतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सने सलग 31 दिवस 43 अंश पार केले. त्या महिन्यात ज्याने शनिवारी उत्तरेकडे गाडी काढली नाही त्याचं एक तर घर थंड असेल, नाही तर डोकं.

वनखात्याचा नकाशा फुकट मिळतो. काळा-पांढरा, डोंगर नाही, दरी नाही, नुसत्या रेघा आणि आकडे. ज्या रेघेच्या बाजूने ठिपके आहेत तिथे तंबूसाठी गाडी रस्त्यापासून थोडी आत नेता येते. बाकी ठिकाणी अगदी कडेलाच लावायची. मी तो नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरून, त्यावर चार बोटं टेकून, दूरवर बघत उभा राहतो. असा एक फोटो आमच्या मुलीने काढलेला आहे. त्यात मी स्वारीवर निघाल्यासारखा दिसतो आणि नकाशा उलटा आहे.

रस्त्याच्या तोंडाशी तपकिरी खांब असतो. खांबावर आकडे आडवे असतील तर साध्या गाडीचा रस्ता. आकडे एकाखाली एक, उभे असतील तर उंच गाडीवाल्यांनी जावं. आमची गाडी मुलीच्या फुटबॉलसाठी घेतलेली व्हॅन. “आकडे उभे आहेत हो,” बायको म्हणते. मी म्हणतो, “ते मार्गदर्शनपर असतात.” मग दगड गाडीच्या पोटाला घासतो आणि व्हॅनमध्ये बराच वेळ कोणी बोलत नाही.

आणि मग सुरू होतो माझा चोखंदळपणा. पहिल्या जागी दगडांचं वर्तुळ दिसतं, म्हणजे कोणीतरी शेकोटी पेटवून गेलंय. नको. दुसऱ्या जागी गवत दबलेलं. नको. तिसरी जागा दृष्ट लागण्यासारखी: तळं, वर पाँडेरोसा पाइनची उंचच उंच झाडं. नेमकी तिथे कायद्याने मनाई. रानातल्या जनावरांना आणि गुरांना प्यायला जवळपास तेवढंच पाणी असेल तर त्याच्या पाव मैलाच्या आत तंबू ठोकायचा नाही. माणूस पहुडलेला दिसला की एल्क हरणं तहानलेली परत जातात. हा नियम मला इतका आवडतो की तो तोडायची इच्छासुद्धा होत नाही. पण अंधार पडत येतो, मुलगी “बाबा, मला भूक लागली” वर येते, आणि मी अजून अशा जागेच्या शोधात असतो जिथे आजवर मानवाचं पाऊल पडलेलं नाही. गंमत अशी की वनखात्याचा आग्रह बरोबर उलटा आहे. त्यांचं म्हणणं, जिथे आधी कोणी राहून गेलंय, जमीन आधीच उघडी पडलीय, दगडांचं वर्तुळ तयार आहे, तिथेच राहा. नवी जागा तुडवू नका. म्हणजे सरकारी व्याख्येनुसार उत्तम जागा ती, जी माझ्याआधी दहा जणांना सापडली. माझ्या दिग्विजयाला खात्याच्या पुस्तकात रकानाच नाही.

शेवटी पहिल्याच जागी परत येतो. मे-जूनच्या कोरड्या दिवसांत वणव्याची भीती असते. असल्या फुकटच्या जागी शेकोटी बंद, नुसता गॅस चालतो. पैसे भरलेल्या गाळ्यांत पुष्कळदा तेव्हाही चालते. आम्ही डोक्याला दिवे बांधून, मधोमध निळी ज्योत ठेवून तिच्याभोवती बसतो. “चाळीस डॉलर दिले असते तर शेकलो असतो,” बायको कोणालाच उद्देशून म्हणत नाही.

आता तो विषय, जो सभ्य लेखात दोन ओळींत उरकतात. मला तो दोन ओळींत उरकवत नाही. संडास नाही म्हटलं की काय करायचं, याचं इथे शास्त्र आहे. पाणी, पायवाट आणि मुक्काम, तिन्हींपासून दोनशे फूट दूर जायचं. मोठ्या माणसाची सत्तर पावलं. तिथे खोलगट खड्डा खणायचा: सहा ते आठ इंच खोल, चार ते सहा इंच रुंद. काम झालं की त्याच मातीने बुजवायचा, वर पाचोळा पसरायचा. कागद वापरलात तर तो पिशवीत बांधून घरी. होय, घरी. यासाठी विशेष खुरपं मिळतं, अतिशय हलकं, आणि त्याची किंमत मी घरात सांगितलेली नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण विल्यम्सकडची जमीन जुन्या ज्वालामुखींनी घातलेली आहे. चार बोटं खाली गेलं की दगड, दगड टाळला की पाइनचं मूळ. सकाळी घाईत असलेल्या माणसाकडे खोदकामाला लागणारी शांत वृत्ती नसते. म्हणून जाणते लोक संध्याकाळीच खड्डा खणून ठेवतात. मीही ठेवतो, पहाटे तो सापडत नाही. सत्तर पावलं कोणत्या दिशेला मोजली होती हे आठवत, हातात बाटली घेऊन, दवात भिजत रानात फिरणारा मी जर आमच्या साताऱ्याकडच्या गावच्या गुड मॉर्निंग पथकाला दिसलो असतो तर त्यांनी हातात गुलाबाचं फूल दिलं असतं.

हे पथक नव्या वाचकांना ठाऊक नसेल. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं, गावं हागणदारीमुक्त करायची चढाओढ लागली, आणि मग भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठून ‘गुड मॉर्निंग’ करणारी पथकं निघाली. आमचे आजोबा त्यांच्या तावडीत सापडले होते. ओढ्याच्या अलीकडेच. त्यांनी रागाने टमरेल खाली ठेवलं आणि पथकातल्या ग्रामसेवकाला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं. पुढे घराला संडास झाला तरी कित्येक दिवस आजोबा त्यात कोळसे ठेवत. ज्या सवयीतून सरकारने माझ्या घराला मोठ्या कष्टाने सोडवलं, ती मी सात समुद्र ओलांडून, पदरचे पैसे घालून, खुरप्यासकट परत घेतली. फोनवर वडिलांना कौतुकाने सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे एवढी वर्षं अमेरिकेत राहून शेवटी टमरेलच का?” वर काळजीने पुढचा प्रश्न, “नोकरी शाबूत आहे ना?”

एका बाबतीत मात्र आपण खरोखर पुढे होतो. पाण्याच्या बाटलीला लावायचं छोटं प्लास्टिकचं टोपण इथल्या दुकानांत आता मिळतं. बाटली दाबली की धार येते. रानात भटकणारे गोरे लोक त्याविषयी साक्षात्कार झाल्यासारखं बोलतात. मी त्यांच्यापुढे काही बोलत नाही. नुसता मंद हसतो, पूर्वजांच्या वतीने.

तर अशाच एका सकाळी, खड्ड्याच्या शोधात, मला ते गृहस्थ भेटले. सत्तरीचे असावेत. जुनी पांढरी व्हॅन, खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले, बाहेर दोरीवर तीन शर्ट अगदी ताठ वाळत घातलेले. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात काळी पिशवी. रस्त्याकडेचा कचरा उचलत होते. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातलं खुरपं बघितलं, आणि शहाण्या माणसासारखं खुरप्याबद्दल काही बोलले नाहीत. “थांबा,” म्हणाले, आणि व्हॅनमधून एक चुरगाळलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. “हे मला त्या वळणावर मिळालं. ही लिपी तुमच्याकडची का? काय लिहिलंय, कधीचं विचारायचं होतं.”

पिशवीवर काळ्या मार्करने, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘चकली (तिखट)’.

ते हस्ताक्षर मी ओळखतो. आमच्या मंडळातल्या एक काकू दिवाळीला ऑर्डरप्रमाणे फराळ देतात. म्हणजे माझ्या गुप्त रानात, ज्याचे फोटो मी जागेचं नाव न टाकता पाठवतो आणि कोणी विचारलं की “तिथली शांतता बिघडेल हो” म्हणतो, तिथे मंडळ माझ्याआधी येऊन, तिखट चकली खाऊन, पिशवी टाकून गेलं होतं. मी अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, चव कशी असते? तंबूत उरलेल्या होत्या, त्या नेऊन दिल्या. एक खाल्ली, डोळे मिटले, आणि बाकीच्या रुमालात बांधून ठेवल्या.

बोलता बोलता कळलं की ते हौसेने आलेले नाहीत. गावातल्या एका हॉटेलात हंगामाला काम करतात. चादरी, टॉवेल, धुलाई. भाड्याचं घर परवडेना. राहती घरं पर्यटकांना रात्रीच्या दराने जायला लागल्यावर राहणाऱ्यांना उरलं काय, असं त्यांचं गणित. म्हणून चौदा दिवस कैबाबमध्ये, मग शेजारच्या कोकोनिनो वनात, मग परत. तीस दिवसांत चौदाच, हा नियम मी फुशारकीने सांगत असतो. त्यांनी तो व्हॅनच्या आतल्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला होता. जंगलात मुक्काम करायला हरकत नाही, घर करायला आहे. रेंजर भला असला तर दोन दिवस इकडेतिकडे करतो, नसला तर दंड.

मी स्वतः पुण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाडं हलवलेला माणूस आहे. टेंपोत गादी वर की कपाट वर, यावर वडिलांची आणि हमालाची झालेली भांडणं मला पाठ आहेत. तरी तिथे उभं राहून मला काही बोलता येईना, कारण माझ्या डोक्यात नेमकं हेच होतं की फुकट मिळालं म्हणून मी हे रान मिरवतो, आणि हे गृहस्थ त्याच फुकटात लाजून राहतात. शर्ट ताठ वाळत होते ते कामावर जायचे होते. गावात कोणाला ते व्हॅनमध्ये राहतात हे कळू नये म्हणून.

जाताना त्यांनी मला एका जाड पाइनच्या सालीच्या भेगेत नाक खुपसायला लावलं. ऊन तापलं की पाँडेरोसाच्या सालीला व्हॅनिलाचा वास येतो. इतकी वर्षं मी या झाडांचे फोटो काढले. वास घ्यायचं सुचलं नव्हतं, कारण फोटोत वास येत नाही. मग मुलीने घेतला, बायकोने घेतला. बायको म्हणाली, “बासुंदीत घालतात तसला.” त्या माणसाने मला पावसाळ्याचंही सांगितलं: जुलैत दुपारचे ढग आले की ही तांबडी माती चाकाला धरते, तेव्हा उभ्या आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘मार्गदर्शनपर’ हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही, निदान बायको शेजारी असताना.

यंदाच्या कोजागरीलाही मी वाड्याचं ते वाक्य टाकलं. टाकणारच, लोक त्यासाठी थांबतात. पण चकलीच्या काकूंना बाजूला घेऊन त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी मागितली. त्यांना वाटलं मला मोठी ऑर्डर द्यायची आहे, म्हणून आनंदाने दिली. यादीत आम्हीही आहोत, त्यामुळे तपास पुढे नेता आला नाही.

तेव्हा मंडळाच्या समस्त सभासदांना जाहीर विनंती: जागा कुठे म्हणून मला विचारू नका, नकाशा वनखात्याच्या कचेरीत फुकट मिळतो. आडव्या आकड्यांच्या रस्त्याने जा. पाण्यापासून लांब राहा. पुठ्ठे लावलेली व्हॅन दिसली तर तंबू जरा दूर लावा, मोठ्याने गाणी लावू नका आणि फराळ जास्तीचा न्या. पिशव्या घरी आणा. आणि खड्डा सहा इंच; चार इंचांवर दगड लागला ही सबब चालणार नाही.