लिबर्टी भाऊ

भिवापुरात जमिनीचा विषय निघाला की एकर, विहीर आणि मिरची एवढ्यात आटोपतो. आमच्या भाऊंची चौकशी त्यापुढची असते. "तिथून लिबरेटर उठलं असतं का?"

लिबरेटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बनावटीचं बॉम्बफेकी विमान. चार इंजिनं, पंखांचा पसारा ११० फूट, आणि अशी अठरा हजारांवर झाली. गावाच्या जिभेला ते जड गेलं, म्हणून त्याचं लिबर्टी झालं. निम्म्या गावाला अजून वाटतं की भाऊ तरुणपणी नागपूरच्या लिबर्टी टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. होते ते मिरचीच्या अडत्याकडे दिवाणजी. उभा जन्म दुसऱ्याच्या मिरचीचं वजन लिहिण्यात गेला, त्यामुळे माणूस आकड्याला कडक.

भाऊंच्या खिशात चष्म्याशेजारी होकायंत्र असतं. धावपट्टीला नाव नसतं, दिशा असते. होकायंत्रावर अंश बघायचे, दहाने भागायचे, झाला नंबर. दोन टोकांचे दोन नंबर, म्हणून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी १४/३२. इथवर ठीक होतं. पण भाऊंनी घरची पडवीही मोजली. पूर्व-पश्चिम, म्हणजे ०९/२७. मी एकदा दारात उभं राहून विचारलं, "वहिनी कुठे आहेत?" तर म्हणाले, "सत्तावीसच्या टोकाला कपडे वाळवून राहिली."

किराणा दुकानदाराचा सकाळी शटर वर करायचा वक्त आणि भाऊंचा फिरून यायचा वक्त एकच. शटर दिसलं की भाऊ सुरू होतात: इतर बॉम्बफेकी विमानांच्या पोटाची दारं कवाडासारखी खाली लोंबत, वारा अडवत. लिबरेटरची दारं मात्र शटरसारखी अंगालाच गुंडाळत वर जात. ही गोष्ट दुकानदाराने इतक्यांदा ऐकली आहे की शटर उचलताना आता तोच ओरडतो, "भाऊ, टाकू का बम?" भाऊ घड्याळ बघून मान डोलावतात. ही थट्टा आहे हे त्यांना कळतं की नाही, याचा मला अजून अंदाज नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला मोटरसायकलवर घालून बिरसीला नेलं. पवनी, भंडारा, साकोली करत गोंदिया, आणि पुढे कामठ्याजवळ बिरसी. इंग्रजांनी १९४० साली तिथे धावपट्टी बांधली. आता तिथे पोरं विमान शिकतात. आम्ही कुंपणाबाहेर धानाच्या बांधीत उभे. इवलंसं विमान यायचं, चाक टेकवायचं आणि लगेच उठायचं. मला मजा वाटत होती. भाऊंचं वर लक्षच नव्हतं. ते वाकून बांधावरचे सिमेंटचे तुकडे उलटेपालटे करत होते. एक हुंगलासुद्धा.

"काय आहे?"

"नवा आहे," भाऊ म्हणाले आणि तो जागेवर ठेवून दिला. दीडशे किलोमीटरच्या खटाटोपातून एवढंच हाती लागलं, पण जुना म्हणून घरी आणला नाही, हे लक्षात घ्या.

जगन्नाथपुरीचं प्रकरण वहिनींच्या तोंडून ऐकावं. "देवाचं नाव सांगितलं न् सिमेंट दाखवलं बाप्पा!" पुरीच्या वाटेवर ओडिशात अमर्दा रोड नावाचं स्टेशन लागतं. भाऊंनी तिथे वहिनींना उतरवलं आणि रासगोविंदपूरच्या सोडलेल्या तळावर नेलं. लांबच लांब धावपट्टी, भेगांतून गवत, चरणाऱ्या गायी. तिथे भाऊंनी आधी त्या बाजूच्या तळांची उजळणी केली. खरगपूर, चाकुलिया वगैरे बंगालकडच्या तळांवरून ५ जून १९४४ ला ९८ बी-२९ विमानं बँकॉकवर निघाली, ती त्या विमानाची पहिलीच लढाई. वहिनींनी शिदोरी सोडली. मग भाऊंनी सांगितलं की २६ जुलै १९४५ ला याच भागात दोन लिबरेटर रांगेत उडता उडता एकमेकांवर आदळली, १४ जण गेले, आणि वीस दिवसांत युद्धच संपलं. वहिनी म्हणे जेवता जेवता थांबल्या. "त्यायच्या माया कुठच्या असतीन?" असं म्हणाल्या, आणि जगन्नाथासाठी घेतलेल्या पुडीतलं चिमूटभर कुंकू त्या सिमेंटवर वाहिलं. हा भाग भाऊ सांगत नाहीत. वहिनीच सांगतात, आणि लगेच पुन्हा सिमेंटवरून भांडायला लागतात.

भाऊंचं खरं तीर्थ मात्र कानपूर. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी तिथे लिबरेटर सोडून दिली, पण कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून आधी मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून चाळीसच्या वर विमानं उभी केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये आपल्या हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन त्यांवर सुरू झाली, आणि पुण्याची सहा नंबरची तर १९६८ संपेपर्यंत ती उडवत होती. हे ऐकवून झालं की भाऊ आपल्या लुनाला किक मारतात. लुनाही भंगारातूनच उभी केलेली आहे. ती उडत नाही, चालतही नाही, पण भाऊंचं म्हणणं की कानपूरलाही वेळ लागला होता.

एकदा गावातली पोरं त्यांच्याकडे आली. गॅझेटियर, मिरचीचं जीआय मानांकन, नॅरोगेज रेल्वे, सगळं गावाची थोरवी सांगणाऱ्या भाषणांत वापरून झालं होतं. "भाऊ, आपल्या भिवापुरातबी इंग्रजायचं विमानतळ होतं असं म्हणा ना. तुम्ही म्हटलं तर लोक मानतीन."

असा मोका कुठल्या छांदिष्टाने सोडला असता? भाऊ ताडकन म्हणाले, "नव्हतं. सोनेगावले होतं. बिरसीले होतं. अकोल्याच्या शिवणीले १९४३ साली झालं. भिवापूरले नव्हतं!" आवाजात असा सल, जसा लग्न जमता जमता राहिलेल्या माणसाच्या असतो. एक पोरगा म्हणाला, "मिरचीले भेले असतीन, भाऊ." ते मात्र भाऊंनी वहीत लिहून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

आता गोठ्याची गोष्ट. युद्धात घाईने धावपट्टी करायची तर जमिनीवर भोकाभोकांचे पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून अंथरत. एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, आणि त्याला ८७ भोकं. असा पत्रा पवनीच्या वाटेवर एकाच्या गोठ्यात आडोशाला उभा असल्याची खबर लागली. गेलो. भाऊ शेणात उकिडवे बसले आणि एकेका भोकात बोट घालून मोजायला लागले. म्हैस बघत होती, मालक बघत होता. मालकाला वाटलं, सर्व्हेवाले. एकदा मोजले, ९१. उलट बाजूने मोजले, ९१. भाऊ उठले, हात पुसले. "राइस मिलचा आहे. चाळणीचा."

"विमानाचा नाही का जी?" मालक म्हणाला.

"नाही."

पण मालकाने शब्द पकडला होता. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजांच्या विमानाचा पत्रा दाखवतो, कोणी विचारलंच तर पाचशे रुपये सांगतो. त्यामुळे दर बाजाराच्या दिवशी भाऊ वाट वाकडी करून तिकडे जातात, गोठ्याच्या दाराशी उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या देखत सांगतात, "एक्क्याण्णव आहेत बाप्पा. मोजून घे."