मुक्काम वाशिम, दीवच्या दक्षिणेला

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. सर्वांत जवळची खारी लाट मुंबईच्या बाजूला, रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटरवर. अधांतरी राहण्यासाठी जिल्ह्यात कोणी प्रसिद्ध असेल तर ती शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती, आणि तीही पाण्यात नाही, हवेत. अशा जिल्ह्यात आमचे भाऊजी शिडाच्या बोटीवरचं कौटुंबिक जीवन जगायला आले, याचं कारण एवढंच की त्यांची सासुरवाडी इथे आहे.

भाऊजी पुण्याचे. करोनात घरी बसून त्यांनी कुठल्याशा परदेशी कुटुंबाचे व्हिडिओ पाहिले. चाळीस फुटी बोट, आई-बाप, वयात आलेली दोन मुलं, शाळा नाही, डेकवर मांडी घालून भूमिती. "बघ, ही मुलं भांडत नाहीत," भाऊजी म्हणाले. ताई म्हणाली, "व्हिडिओ बंद झाल्यावर भांडत असतील." भाऊजींचं दैवत म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून 2009-10 मध्ये त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ताईचं म्हणणं होतं, की दैवत मानायचं तर पूर्ण मानावं आणि एकट्यानेच जावं.

बोट घेण्यात दोन अडचणी आल्या. पहिली किमतीची. दुसरी अशी, की सराव म्हणून गेटवे ते मांडवा लाँचने जाताना भाऊजींना अलिबागचा किनारा दिसायच्या आधी सकाळचा नाश्ता पुन्हा दिसला. मग त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून चार बर्थ ठोकले, गॅसची शेगडी बसवली, पाठीमागे निळ्या रंगात 'सागरकन्या' असं लिहून घेतलं. पंधरा वर्षांच्या थोरल्याचं नाव शाळेतून काढून दहावीसाठी एनआयओएसच्या मुक्त शाळेत घातलं. तेरा वर्षांच्या धाकटीचं नुसतंच काढलं. बोटीचे नियम गाडीत टांगले: कप्तानाचा शब्द अखेरचा, रात्री पाळीने पहारा, रोजनिशी रोज. शेवटच्या नियमाखाली धाकटीने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आज काही झालं नाही.' रोजनिशीतही तेच होतं, पानोपानी.

एप्रिलच्या मध्यावर सागरकन्या वाशिमात आमच्या दारी लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "वरात कोणाची हाये?" आईने जवाईबापूंसाठी पाटोडीचा रस्सा केला होता. तो दारातल्या दारात, गाडीतच जेवायचा असा कप्तानाचा हट्ट, कारण किनाऱ्यावर उतरलं की शिस्त मोडते. आई म्हणाली, "जवाईबापू, ओसरीत पंखा हाये." भाऊजी उतरले. मला मात्र त्यांनी वाटाड्या म्हणून गाडीत घेतलं आणि दोन बर्थांच्या मधली जमीन दिली.

पहिला धडा रेखांशाचा, पद्मतीर्थाच्या काठावर. मीटरभर काठी रोवायची, तिची सावली सर्वांत आखूड होईल ती वेळ टिपायची. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्वेच्या हिशोबाने चालतात. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. वाशिम त्या रेषेच्या पाच-साडेपाच अंश पश्चिमेला, म्हणून एप्रिलच्या मध्याला इथली खरी दुपार बारा बावीसच्या सुमारास होते. जुने खलाशी असंच आपलं ठिकाण शोधत, असं सांगून भाऊजींनी वेळ टिपायचं काम थोरल्याकडे आणि सावली मोजायचं धाकटीकडे दिलं. थोरल्याच्या एका हातात कुल्फी होती, दुसऱ्यात फोन. त्याने टिपलं, 12.45. धाकटीला खरी वेळ माहीत होती, पण त्या दिवशी ती दोघं बोलत नव्हती.

गणित सुटलं. धाकटीचा अक्षांश वीसला चिकटून, अगदी बरोबर. थोरल्याचा रेखांश 71.25. दोन्ही रेघा नकाशावर जिथे मिळाल्या तिथे निळा रंग होता: दीवच्या दक्षिणेला, अरबी समुद्रात. भाऊजी त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मला नाही वाटत त्यांना राग आला होता.

वाशिमकर म्हणून मला गप्प बसवेना. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी 'महाभास्करीया'त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. त्यात अवंती आहे, स्थानेश्वर आहे आणि वात्स्यगुल्म आहे. वात्स्यगुल्म म्हणजे आमचं वाशिम, एकेकाळची वाकाटकांची राजधानी. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि पृथ्वीचा मध्य तिथून जातो यावर कोणा वाशिमकराला शंका नाही. ग्रिनिचला शून्याचा मान मिळाला तो 1884 साली. आम्ही त्याच्या आधी हजार-बाराशे वर्षं शून्यावर बसलेले. "म्हणजे मामा," थोरला म्हणाला, "वाशिममध्ये उभं राहिलं की रेखांश शून्य? काही मोजायचंच नाही?" ज्योतिषशास्त्राचा इतका मनापासून आदर करणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. वाशिम प्रत्यक्षात उज्जैनच्या रेषेपासून सव्वा अंशाहून अधिक पूर्वेला आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. थोरल्याच्या चुकीपुढे ते काहीच नव्हतं.

दुसरा धडा नौकानयनाचा. त्यासाठी भाऊजींनी पुण्याहून रबरी होडी आणली होती. वाशिम शहर एकबुर्जीच्या धरणाचं पाणी पितं, आणि एप्रिलपर्यंत पिऊन पिऊन काठाला नुसता गाळ उरतो. होडी फुगवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ती पाण्यापर्यंत न्यायला गाळ तुडवावा लागला, त्यात भाऊजींची चप्पल कायमची मुक्कामाला राहिली. होडीत बसल्यावर वल्ही मारली तर पुढे जाण्याऐवजी तिने जागच्या जागी गिरक्या घेतल्या. काठावर आलेल्या चौकीदाराने विचारलं, "परवानगी कोणाची घेतली?" भाऊजींनी आंतरराष्ट्रीय सागरी संकेतांबद्दल काही सांगायला सुरुवात केली. चौकीदार म्हणाला, "ते असू द्या, भायेर या."

बाहेर येणंच तर जमत नव्हतं. तेवढ्यात थर्माकोलच्या तुकड्यावर मांडी ठोकून एक पोरगा आला, थोरल्याच्याच वयाचा. एका हाताने फळकुटं मारत, दुसऱ्याने जाळं सावरत. त्याने आमची दोरी तुकड्याला बांधली आणि आमचं आरमार ओढून काठाला लावलं. भाऊजींनी त्याला विचारलं, हे शिकलास कुठे? "शिकाले काय लागते?" पोरगा म्हणाला. मग त्याने घाईने मासे पिशवीत भरले, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा नववीचा गणिताचा पेपर होता. जाताजाता त्याने थोरल्याला विचारलं, "तुमाले परीक्षा नाई?" "नाही." पोरगा थर्माकोलवर क्षणभर थांबला. तेवढा आदर थोरल्याला आजवर कोणी दिला नव्हता.

धाकटीचं वेगळंच चाललं होतं. लॉरा डेकर नावाच्या डच मुलीची गोष्ट भाऊजींनीच तिला मोठ्या हौसेने सांगितली होती. ती तेराव्या वर्षी एकटी जगप्रदक्षिणेला निघाली तेव्हा कोर्टाने अडवलं, चौदाव्या वर्षी निघाली आणि 2012 मध्ये सोळाव्या वर्षी फेरी पुरी केली. "तिला अडवायला कोर्ट लागलं," धाकटी म्हणाली, "मला बाथरूमला जायलासुद्धा गाडी थांबवून घ्यावी लागते." हे ती शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर लागल्यावर म्हणाली, म्हणजे नेमकी जिथे वाटेल तिथे गाडी थांबवता येत नाही तिथे. समृद्धीवर मात्र भाऊजी खरे खुलले. मध्ये उतरता येत नाही, दोन्ही बाजूंना काही नाही, वारा आडवा. कारंजापर्यंत ते गुणगुणत होते. कारंजाला शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ दाखवले, तर थोरल्याने पहिल्यांदाच आपणहून प्रश्न केला: "ही गाडी बंद आहे ना? मग आपण हिच्यात का राहत नाही?"

पोहरादेवीला आम्ही रामनवमीची गर्दी ओसरल्यावर पोचलो. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीचं दर्शन घेतलं, नगाऱ्याच्या आकाराचं नवं संग्रहालय पाहिलं; 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैल घेऊन किनाऱ्याचं मीठ आत आणत, वऱ्हाडचा कापूस बाहेर नेत, फौजांना धान्य पोचवत. पोरं त्याच वाटेवर जन्मत, वाढत, हिशोब शिकत. 1867 ला आगगाडी नागपूरला पोचली, तिने धंदा खाल्ला, आणि 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला त्यांत कितीतरी भटके आले. भाऊजी पहिल्यांदाच शांतपणे ऐकत होते. समुद्र नसलेल्या मुलखात त्यांच्या जातकुळीची माणसं भेटली होती.

बाहेर झाडाखाली एका तांड्याचे म्हातारे नायक बसले होते. शेजारी कुठल्याशा शाळेचे गुरुजी, मांडीवर रजिस्टर. नायकांनी सागरकन्येला एक फेरी मारली, शेगडी पाहिली, बर्थ पाहिले. "ऊस तोडाले जाता का?"

भाऊजींनी सगळं सांगितलं. फिरतं घर, अनुभवातून शिक्षण, मुलांची नैसर्गिक वाढ.

"म्हंजे आमच्यावानीच," नायक म्हणाले. "दिवाळी झाली का आमी पोट्टे घेऊन कारखान्यावर. पाच-सा महिने खोपीत. पोट्टे तिथंच स्वैपाक शिकते, मोळ्या मोजाले शिकते. फक्त आमच्यामागं हे गुरुजी लागते, तुमच्यामागं कोनी नाई."

"लागू की," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मुलीचं वय?"

"तेरा," धाकटी म्हणाली, भाऊजी तोंड उघडायच्या आत.

"सहा ते चौदा. बसते कायद्यात. वयानुसार आठवीत घेतो. बदलीचा दाखला नसंल तरी चालते." भाऊजी म्हणाले, ती शाळाबाह्य नाही, ती घरी शिकते. गुरुजींनी ट्रॅव्हलरकडे पाहिलं. "घर हे का?" मग नम्रपणे म्हणाले, "सर, ह्या तांड्यातल्या मायबापांनी मले हेच सांगितलं, तरी मी नावं लिहिली."

ताई गाडीतून उतरून पुढे आली होती. तिने काहीच म्हटलं नाही, पण पेन चालतंय की नाही ते पाहत होती.

"ऊसतोडीवाल्यांच्या पोरींसाठी हंगामी वसतिगृह असते," गुरुजी धाकटीला सांगत होते. "आता बंद झालं, दिवाळीनंतर चालू."

"तिथे प्रत्येकीला वेगळी कॉट असते?"

"गादी असते."

"दार आतून लावता येतं?"

"कडी मोडेल हाये," गुरुजी म्हणाले, "पन दिवाळीपर्यंत बसवतो."

धाकटीने त्यांच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि आपल्या नावातली वेलांटी दुरुस्त करून दिली.