भाऊबंदकी कशी पेरावी : नवशिक्यांसाठी

आपण गेल्यावरही घरात आपलं नाव रोज निघावं, असं कुणाला वाटत नाही? फोटोला हार घालून ते साधत नाही. मालमत्तेचा दावा लावून जा, म्हणजे निदान दर तारखेला तरी आठवण निघेल. वकिलाची फी वारसांनीच भरायची असते, त्यामुळे खर्चाची काळजी नको.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मृत्युपत्र न करणं. 'मला काय धाड भरलीय?' एवढं एक वाक्य त्यासाठी पुरतं. मग हिंदू कुटुंबात १९५६ चा उत्तराधिकार कायदा लागू होतो. पुरुषामागे आई, पत्नी, मुलगे, मुली यांना सारखा वाटा. वडील मात्र दुसऱ्या वर्गात! वाटे पाच आणि फ्लॅट एक, तोही दोन खोल्यांचा. पुढचं आपोआप घडतं.

मृत्युपत्र करण्याची हौसच असेल तर जरा कष्ट पडतील, कारण कायदा कमालीचा सोपा आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. १९२५ च्या कायद्याला तुमची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही माझीच सही' असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि तुमच्यासमोर सही केलेली असावी. बिघडवायला जागा आहे ती इथेच. कागद थोरल्याच्या हाती द्यावा आणि त्याने तो घरोघर फिरवून 'काका, बाबांनी इथे सही मागितलीय' म्हणावं. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून दहा वर्षांनी मोठे निवडावेत. कोर्टात साक्षीला बोलवायची वेळ येईल तेव्हा दोघांच्याही फोटोला हार असेल. दोन मृत्युपत्रं केलीत तर उत्तम, फक्त तारीख एकावरही नको. शेवटचं तेच खरं, असा नियम असल्याने शेवटचं कुठलं यावर एक पिढी सहज निघते.

मजकुरात वडिलोपार्जित शेतही सगळंच्या सगळं धाकट्याला लिहून टाकावं. त्यातला फक्त स्वतःचा हिस्साच देता येतो, हे उघड होईल ते तुमच्या पश्चात. मुलीबद्दल 'लग्नात दिलं तेवढं पुरे' म्हणून विषय संपवावा. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. तिला हे ठाऊक असतं. भावांना नसतं. (गोव्यातल्या वाचकांची मात्र पंचाईत आहे. तिथे अर्धी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीवच असते, त्यामुळे त्यांना उरलेल्या अर्ध्यावरच कला दाखवावी लागते.)

नॉमिनीचा उपयोग तर फारच थोड्यांना कळलाय. शेअरवर एकाचं नाव नॉमिनी म्हणून लावायचं आणि त्याला 'आता हे तुझंच' असं सांगून ठेवायचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्याच खटल्यात सांगितलं आहे. पण ज्याला तुम्ही शब्द दिला तो निकालपत्र वाचत बसणार नाही. तो बहिणीशी बोलणं सोडेल.

गावाकडे यातलं काहीच करावं लागत नाही. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती पुरी करू नका. सातबारावर आजोबाच राहू द्या. मधल्या दोन पिढ्यांचे वारस पुणे, सुरत, दुबईला पांगले की एका सहीसाठी सगळ्यांना तालुक्याला गोळा करावं लागतं. लग्नालाही इतके येत नाहीत.

राहता राहिलं कागद कुठे ठेवायचा ते. मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. तिकडे फिरकू नका. बँकेचा लॉकर बरा, एकट्याच्या नावावरचा, नॉमिनी न लावलेला. वारस तो उघडायला गेले की बँक म्हणेल, आधी मृत्युपत्र दाखवा.