बूड घरी ठेवून कसं यावं? : एका विमान कंपनीस अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रमुख,
पूरक उत्पन्न विभाग.
(कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पत्र आपल्यालाच आहे, असं बऱ्याच जणांना वाटेल याची खात्री आहे.)

विषय : २८-ई या आसनाबद्दल आभार मानणे व उत्पन्नवाढीच्या काही सूचना करणे.

संदर्भ : ‘तुमची आवडती सीट तुमची वाट पाहतेय!’ हा आपला रात्री सव्वाअकराचा एसएमएस.

महोदय,

स. न. वि. वि.

आधी अभिनंदन स्वीकारावं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या अव्यवहारीपणावर हसायला वापरली गेली. तिच्या जोरावर धंदा उभा राहू शकतो, हे आमच्या एकाही पूर्वजाला सुचलं नाही. आपण कोंबडी स्वस्तात विकता, एवढंच लोकांना दिसतं. मसाल्याचं खातं आपण सांभाळता, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

पुण्याहून दिल्लीला जायची तिकिटं काढली तेव्हा आम्ही चौघं एक कुटुंब होतो. पीएनआर एक, आडनाव एक, पैसे एकाच कार्डातून गेले आणि ओटीपीही एकाच फोनवर आला. वेब चेक-इनच्या वेळी मात्र आपल्या संगणकाला आमच्यात काही नातं दिसेना. आई २३-एफ, सौ. ९-बी, चिरंजीव १६-ई आणि मी २८-ई. परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं म्हटलं तरी हिंदू विवाह कायदा नवराबायकोला सहा महिने थांबून विचार करायला सांगतो. आपल्याकडे हेच काम वकिलाशिवाय दोन सेकंदांत होतं, आणि तेही फुकट. पैसे लागतात ते पुन्हा एकत्र यायला.

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत. तिला वाटेकडची सीट हवी होती. तिला खिडकी मिळाली. मला हवेतलं काही बघायची हौस उरलेली नाही, पण मला तरी काही मिळावं म्हणून आपण मधली जागा दिलीत. चिरंजीवांची गोष्ट निराळी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्या, असं विमान वाहतूक नियामकानं, म्हणजे डीजीसीएनं, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं. आमच्या मुलाला गेल्याच महिन्यात तेरा पूर्ण झाली. तो आता मोठा झाला आहे, हे आम्हा आईबापांच्या आधी आपल्या लक्षात आलं. घरातलं माणूससुद्धा इतकं बारीक लक्ष ठेवत नाही.

आपला आसनांचा नकाशा मी फार वेळ न्याहाळला. पुढच्या रांगा एका रंगात, मधल्या दुसऱ्या, मागच्या तिसऱ्या. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवलं की आकडा उमटतो. शे-दोनशेपासून सुरुवात होऊन हजार-दोन हजारांपर्यंत मजल जाते. पुढच्या रांगेला भाव असणं मी समजू शकतो. पण ज्या शेवटच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, जिच्या कानाशी स्वच्छतागृहाचं दार सारखं उघडमीट करतं, तिलाही भाव? दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन बसण्याच्या जागेलाही भाव? हिंमत लागते. या रंगीबेरंगी नकाशाखाली कोपऱ्यात ‘स्किप’ हा शब्द इतक्या फिक्या राखाडी अक्षरांत छापला आहे की प्रवाशाची मोतीबिंदूची तपासणी जागच्या जागी होऊन जाते. तो सापडला आणि दाबला, तर पडदा काळजीनं विचारतो, ‘नक्की? चांगल्या जागा झपाट्यानं संपत आहेत!’ मला सांगा, विमानात खुर्च्या १८६ आणि तिकिटंही तेवढीच. मग संपलेल्या जागा जातात कुठे?

जाडजूड दाराशेजारची ती रांग हा तर आपल्या प्रतिभेचा कळस. तिथं पाय पसरायला जागा जास्त, म्हणून पैसेही जास्त. ते भरून प्रवासी ऐटीत बसला की हवाई सुंदरी येऊन विचारते, ‘आणीबाणीत हे दार उघडायला आपण तयार आहात ना?’ म्हणजे जादा पैसे मोजून आम्ही आपल्या नोकरीत दाखल होतो. आणि ज्यांना पाय पसरायची खरी गरज, त्या आईसारख्यांना तिथं बसता येत नाही. तो नियम सुरक्षेचा आहे आणि योग्यच आहे. फक्त गुडघ्यांची गरज आणि ऐपतीची गरज यांतली कोणती आपल्या कामाची, ते त्यातून कळतं.

खिडकीचंही तसंच. बोइंग ७३७ विमानात एखाद-दुसऱ्या रांगेत वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, त्यामुळे तिथं खिडकीच नसते. तरी नकाशावर ती ‘विंडो’च. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये प्रवाशांनी दोन मोठ्या विमान कंपन्यांना याच कारणावरून कोर्टात खेचलं : खिडकीचे पैसे घेतले आणि भिंत दाखवली. आपण घाबरू नये. आपला प्रवासी कोर्टात जात नाही, तो फक्त पत्रं लिहितो.

आमच्या विमानात नवव्या रांगेत सौ.च्या शेजारची सीट रिकामीच राहिली. मी तिथं जाऊन बसू का, असं विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘सर, विमानाचा तोल सांभाळावा लागतो.’ तोलाचं मला मान्य आहे. लहान विमानात तर तो काटेकोरपणे सांभाळावाच लागतो. पण लगेच पुढचं वाक्य आलं, ‘ती पेड सीट आहे, सर.’ पैसे भरले की माझं वजन विमानाला चालतं, हा शोध भौतिकशास्त्रात नोंदवायचा राहून गेला आहे.

आता थोडं गंभीरपणे. आमचं भांडण स्वस्त विमानाशी नाही. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा पाण्याची बाटलीसुद्धा विकत घ्यावी लागते म्हणून नाकं मुरडणारे होतेच. पण त्याच विमानांनी अनेक घरांतल्या आजी-आजोबांना पहिल्यांदा ढग दाखवले. २०१३ साली डीजीसीएनं कंपन्यांना सेवा सुट्या करून विकायची मुभा दिली : आवडीची सीट, खाणं, सामान, लाउंज. त्यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं. ज्याला जे हवं त्यानं त्याचे पैसे द्यावेत, ज्याला नको त्याच्या माथी ते मारू नये. आणि प्रवाशानं स्वतःहून मागितलं तरच ते द्यावं, अशी अटही होती. खाण्याचं म्हणाल तर बरोबरच आहे. आपला गरम पाणी ओतून फुगवलेला उपमा नको असेल, तर आम्ही घरून दशम्या आणतो. सामान जास्त होत असेल, तर लोणच्याची बरणी काढून ठेवतो. पण बूड? ते घरी ठेवून यायची सोय नाही. उभ्या प्रवाशांना घेऊन विमान उडवायची परवानगी आपल्यालाही नाही. म्हणजे खुर्ची ही हौस नव्हे, ती तिकिटातच आली. लग्नाचं आमंत्रण द्यायचं, अक्षता टाकून घ्यायच्या, ताट वाढायचं आणि मग पाटाचं भाडं मागायचं, असा हा प्रकार झाला.

‘आम्ही खुर्चीचे नाही, निवडीचे पैसे घेतो,’ असं आपण म्हणाल. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटांवर शुल्क लावलं गेलं आणि गदारोळ झाला, तेव्हाही हेच सांगण्यात आलं. विमान वाहतूक मंत्रालयानं तपासून पाहिलं आणि गोष्ट तिथंच मिटली. पण निवडीला किंमत येते केव्हा? न निवडल्यावर जे पदरात पडतं, ते वाईट असतं तेव्हा. चौघांना शेजारी बसवायला आपल्या संगणकाला जादा इंधन लागत नाही. ब्रिटनच्या विमान नियामकानं २०१८ साली प्रवाशांची एक पाहणी प्रसिद्ध केली. सीटचे पैसे न भरणाऱ्यांपैकी किती जण आपल्या माणसांपासून वेगळे बसवले गेले? एखाद्या कंपनीत जेमतेम आठांत एक, तर दुसरीत तिघांत एक. विमानं तशीच, कुटुंबंही तशीच; मग फरक नशिबाचा म्हणायचा की बसवणाऱ्याच्या मनाचा? आधी ताटातूट करायची आणि मग भेट घडवून आणायचं शुल्क लावायचं, हा खरा माल आहे. खुर्ची निमित्तमात्र.

आमच्या रेल्वेला आम्ही उठता-बसता शिव्या देतो. तिनं ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, ती घेतलीच. पण साठीच्या पुरुषाला आणि पंचेचाळिशीच्या बाईला खालचा बर्थ मिळावा म्हणून तिनं कोटा ठेवला आहे, आणि त्याचे जादा पैसे ती मागत नाही. गुडघे दुखतात, एवढी गोष्ट सरकारी यंत्रणेला समजते.

असो. टीका करणं सोपं असतं, म्हणून काही विधायक सूचना :

१. शेजारी निवड शुल्क. घोरणारा, राजकारण सांगणारा आणि उतरताना लोकांच्या डोक्यावरून बॅग ओढणारा असे तीन दर ठेवावेत. शेजारी गप्प हवा असेल, तर प्रीमियम.

२. हातटेकू शुल्क. मधल्या माणसाला दोन हातटेकू असतात की एकही नसतो, हा वाद जगभर अनिर्णित आहे. दर तासाला लिलाव करावा.

३. विरह शुल्क. घरून भांडून निघालेल्या जोडप्यांना लांब लांब बसवण्याची सेवा आपण आजवर फुकट देत आलात. फार मोठं उत्पन्न बुडवलंत.

४. सोयीचं शुल्क. ‘कन्व्हिनियन्स फी’ आपण माणशी आणि प्रत्येक दिशेला घेता. चौघांचं जाण्यायेण्याचं तिकीट मी एकाच वेळी, एकाच बटणानं काढलं आणि आठ वेळा सोय झाल्याचे पैसे भरले. या सोयीनं जीव गुदमरला, तर ऑक्सिजनचा मुखवटा मात्र तूर्त मोफत ठेवावा.

५. स्वच्छतागृह. २००९ साली रायनएअरचे मायकेल ओ’लिअरी यांनी यासाठी नाणं टाकायची कल्पना जाहीरपणे मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. जगाला अजून लाज होती, असं दिसतं.

६. अपराधगंड शुल्क. विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ असं बटण दाबायला लावायची युक्ती आता वापरता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांची यादी काढली, तीत तिकिटांच्या संकेतस्थळावरचं हेच उदाहरण दिलं आहे. किंमत थेंबाथेंबानं उघड करणंही त्याच यादीत आहे. काही नवं शोधावं लागेल. आपल्या विभागाच्या कल्पकतेवर माझा विश्वास आहे.

आता खऱ्या मागण्या. त्या तीनच आहेत. एका पीएनआरवरच्या माणसांना, रिकाम्या जागा असतील तोवर, संगणकानं आपणहून शेजारी बसवावं. चालायला त्रास होणाऱ्याला आणि वृद्धाला वाटेकडची सीट पैसे न मागता मिळावी. आणि पहिल्या पडद्यावर जी किंमत दिसते, तीच शेवटच्या पडद्यावर दिसावी. पाय पसरायला जास्त जागा, सगळ्यांत पुढची रांग, आधी उतरण्याचा मान, हे सगळं आपण खुशाल विकावं. ज्यांना हवं ते घेतीलच. आईजवळ बसणं मात्र त्या यादीतून काढावं. ती हौस नाही.

कळावे, लोभ नसावा. आहे तोच परवडत नाही.

आपला,
प्रवासी, २८-ई (मधला)

ता. क. (हा वाचकांसाठी.) सीट निवडली नाही म्हणून जागा नाकारली जात नाही, चेक-इन करताना कुठली तरी सीट मिळतेच, तेव्हा घाबरून पैसे भरू नका. बारा वर्षांपर्यंतचं मूल आणि पालक एकाच पीएनआरवर असतील, तर पालकाशेजारी जागा देणं कंपनीचं काम आहे. काउंटरवर डीजीसीएच्या त्या आदेशाचं नाव घ्या. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याबद्दल जादा पैसे घेऊ नयेत, असं मंत्रालयानं जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे. ऐकलं नाही, तर मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवा. आणि दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करताना पहिल्या पडद्यावरचा आकडा पाहू नका, शेवटच्या पडद्यावरचा पाहा. तिकिटाची किंमत तीच असते.