उत्कृष्ट कर्मचारी, तीन प्रतींत

नोकरीत उत्कृष्ट काम करायला आयुष्य लागतं. 'उत्कृष्ट कर्मचारी' व्हायला अर्ज लागतो. तो विहित नमुन्यात, तीन प्रतींत, प्राचार्यांमार्फत आणि शेवटच्या तारखेच्या आत करावा लागतो. तारीख उलटल्यावर माणूस कितीही उत्कृष्ट वागला तरी ते पुढच्या वर्षात धरलं जातं.

आमचं यवतमाळ संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात मोडतं. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं हे विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांचं. वर्धापनदिनी आपल्या गुणी माणसांना शाल-श्रीफळ देण्याची चाल राज्यातल्या विद्यापीठांत आता चांगलीच रुळली आहे. मग शिक्षणसंस्था, पतसंस्था, मंडळं तरी मागे कशी राहतील? त्यामुळे दरवर्षी ठरावीक दिवसांत दत्त चौकाकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बायंडिंगला गर्दी होते, आणि माझ्या घरी चहाला.

चहाला, कारण मी मराठीचा प्राध्यापक. मराठीच्या प्राध्यापकाकडे गाव तीन कामं हक्कानं आणतं: लग्नपत्रिकेचा मजकूर, श्रद्धांजलीची जाहिरात आणि पुरस्काराचा प्रस्ताव. तिन्हींची भाषा जवळपास एकच असते. 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष', 'सदैव हसतमुख' हे शब्द कुठेही चालतात. शेवटी 'आपले आगमन प्रार्थनीय' लिहायचं की 'शोकाकुल परिवार', एवढंच भान ठेवावं लागतं.

प्रस्तावात सगळ्यात अवघड रकाना म्हणजे 'नावीन्यपूर्ण उपक्रम'. बाकीचे रकाने भरता येतात. पाच वर्षांचे गोपनीय अहवाल लागतात. ते गोपनीय असल्यामुळे कोणाला काय शेरा मिळाला हे सगळ्या कार्यालयाला माहीत असतंच. विभागीय चौकशी चालू नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. वर्तमानपत्रातली कात्रणं लागतात. आणि फोटो. फोटोशिवाय केलेलं काम हे पुरस्काराच्या दृष्टीनं रजेत केलेलं काम.

एका गृहस्थांचा प्रस्ताव मी पाहिला. वृक्षारोपणाचे पाच वर्षांचे पाच फोटो होते. तारीखही पक्की: १ जुलै, कृषिदिन, आमच्या जिल्ह्याचे सुपुत्र वसंतराव नाईक यांची जयंती. पाचही फोटोंत खड्डा एकच होता. मागची भिंत तीच, झारी तीच आणि रोपही साधारण तेवढंच. झाड पाच वर्षांत वाढलं नव्हतं. गृहस्थ मात्र दोन्ही बाजूंनी वाढले होते. मी विचारलं, "भाऊ, झाडं जगली का?" ते म्हणाले, "सर, जगली असती तर पुढच्या साली खड्डा कुठून आणला असता?" याला प्रशासकीय दूरदृष्टी म्हणतात. मी रकान्यात 'पर्यावरणविषयक कार्यात सातत्य' असं लिहून दिलं. खोटं त्यात काहीच नव्हतं.

उलट आमच्या रेकॉर्ड रूमचे भाऊ. वाळवीला, उंदरांना आणि तपासणी पथकांना पुरून उरलेले. अमुक साली नापास होऊन गेलेला मुलगा आता पन्नाशीचा होऊन पांढरकवड्याहून टीसीची दुय्यम प्रत मागायला येतो. त्याला वर्ष आठवत नसतं. भाऊ विचारतात, "तवा प्राचार्य कोन होते? जाडे का चष्म्यावाले?" जाडे म्हटलं की ते डावीकडच्या रॅककडे वळतात, चष्म्यावाले म्हटलं की उजवीकडच्या. चहा निवायच्या आत दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर येतं. ही पद्धत कुठल्याही संगणकप्रणालीत नाही, कारण प्रणालीला आमचे प्राचार्य आठवत नाहीत.

त्यांचा प्रस्ताव करायचा असं आम्हीच काही जणांनी मनावर घेतलं. ते घाबरले. त्यांना वाटलं, बदलीचं काही आहे.

"सर, मी का वेगळं केलं? नोकरीच त केली."

"भाऊ, काही उपक्रम राबवला असेल तर सांगा."

"दरसाली पावसाळ्याच्या आंधी कडुलिंबाचा पाला वाळवून बस्त्याईत टाकतो."

"त्याचा फोटो?"

"पाल्याचा?"

प्रस्ताव तिथेच अडला. काम नीट झालं की पुरावा उरत नाही, ही त्यातली खरी अडचण. रजिस्टर हरवलं असतं तर पत्रव्यवहार झाला असता, चौकशी समिती बसली असती, शोधमोहीम निघाली असती आणि रजिस्टर सापडल्यावर सापडवणाऱ्याचा सत्कार झाला असता. भाऊंनी कधी काही हरवूच दिलं नाही. त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कामगिरी नाही.

ज्यांच्या नावानं आमचं विद्यापीठ आहे, त्यांचा प्रस्ताव आज आला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायचे. पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मडक्याचं खापर आणि चिंध्यांचं वस्त्र ठेवलं. छाननी समितीनं हा प्रस्ताव त्रुटीत काढला असता. शैक्षणिक पात्रता: निरंक. झाडण्यापूर्वीचा व झाडल्यानंतरचा फोटो: जोडलेला नाही. कामाचे स्वरूप: पदाच्या कर्तव्यसूचीत न बसणारे. शिफारस: पुढील वर्षी परिपूर्ण प्रस्तावासह अर्ज करावा.

आता समारंभाकडे येऊ. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि विद्यापीठाचा वर्धापनदिन, असा तिहेरी योग. शिवाय वऱ्हाडातला उन्हाळा. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, आणि अशा दिवशी सन्मान म्हणून माणसाच्या खांद्यावर काय टाकायचं, तर शाल! कोकणात पावसाळ्यात छत्री देऊन सत्कार केला तर तो निदान उपयोगी पडेल. आमच्याकडे मे महिन्यात शाल पांघरणाऱ्याचा घाम पाहून सभागृहाला वाटतं, बिचारा भारावून गेला.

कुठल्याही संस्थेचा असा सोहळा घ्या, क्रम ठरलेला असतो. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांनी केलेला अध्यक्षांचा, मग ज्यांचा राहून गेला त्यांचा. एवढं झाल्यावर वेळ संपतो. मग निवेदक जाहीर करतात की वेळेअभावी सत्कारमूर्तींनी पाच-पाच जणांनी मंचावर यावं. तीस वर्षांच्या सेवेला तीन सेकंद मिळतात, त्यातले दोन 'इकडे बघा' म्हणणाऱ्या फोटोग्राफरचे. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सन्मानचिन्ह, काखेत गुच्छ, आणि पाहुणे हस्तांदोलनाला हात पुढे करतात. अशा वेळी नारळ पाहुण्यांच्याच हातात देऊन मोकळे झालेले सत्कारमूर्तीही आहेत.

गावी परतल्यावर चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर सत्कारमूर्ती मध्यभागी लहान आणि शुभेच्छुक भोवती मोठे. घरी येणाऱ्यांसाठी आमच्या यवतमाळचा बुढीचा चिवडा आणावा लागतो. आणि सोमवारी कार्यालयात गेलं की खरा पुरस्कार मिळतो: शेजारच्या टेबलावरचं काम. "तुम्ही तर उत्कृष्ट आहात, तुमच्याशिवाय कोण करणार?" उत्कृष्ट माणसाला नाही म्हणायची सोय राहत नाही. माझा एक भाचा अमेरिकेतल्या विद्यापीठात आहे. तिकडे म्हणे काही ठिकाणी निवडलेल्या कर्मचाऱ्याला दाराजवळची गाडी लावायची राखीव जागा देतात. हे मला पटलं. आमच्याकडे शालीऐवजी कडुलिंबाखालची सावलीतली जागा वर्षभर द्यावी. तिच्यासाठी प्राचार्यसुद्धा अर्ज करतील.

पण गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले. आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करा, दहा-वीस-तीस वर्षांच्या सेवेचे लाभ द्या, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मागण्यांच्या यादीत शाल नव्हती. विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. विद्येची मंदिरं वगैरे म्हणतो आपण. त्या मंदिरांच्या किल्ल्या कोणाकडे असतात हे त्या दिवसांत भल्याभल्या पीएचडीधारकांना उमगलं. बैठक व्यवस्था लावणारा नाही, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणारा नाही, घंटा देणारा नाही. ज्ञान भरपूर होतं, फक्त कुलूप उघडत नव्हतं.

म्हणून विद्यापीठांना आणि संस्थाचालकांना माझी एक नम्र सूचना आहे. प्रस्ताव, कात्रणं, फोटो, स्पायरल, सगळं बंद करा. वर्षातून एकदा प्रत्येक कर्मचाऱ्याला पाळीपाळीनं आठ दिवसांच्या भरपगारी रजेवर पाठवा आणि कार्यालयाकडे लक्ष ठेवा. ज्याच्या गैरहजेरीत तिसऱ्या दिवशी आरडाओरडा सुरू होईल, पाचव्या दिवशी प्राचार्य स्वतः फोन लावतील आणि सातव्या दिवशी कोणीतरी मोटारसायकल घेऊन त्याच्या गावी जाईल, त्याला पुरस्कार द्या. सोबत त्याची थकबाकीही द्या. काही जण रजेवर गेले की कार्यालय जास्त चांगलं चालतं, असंही लक्षात येईल. त्यांचाही सत्कार करावा, आणि सत्कार म्हणून रजा वाढवून द्यावी. या पद्धतीत परीक्षक लागत नाहीत, मानधन लागत नाही, वशिला चालत नाही. अर्ज मागवू नका. रजा मंजूर करा.