चालत्या गाडीतून उतरलेला मार्क

अहो वहिनी, कढीपत्ता मागाहून तोडा, आधी कुंपणापाशी या. आमच्या धाकट्यानं सध्या कुणाचं खूळ घेतलंय, ठाऊक आहे? लंडनच्या मार्क हॉलिसचं! गेला बिचारा २०१९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी.

छे हो, ऐरागैरा नव्हता. 'टॉक टॉक' बँडचा गायक. त्यांचं 'इट्स माय लाइफ' १९८४ चं. २००३ मध्ये 'नो डाउट'नं तेच पुन्हा गाजवलं, तुमच्या सुनेला विचारा. दुसरा असता तर तसलीच गाणी काढत बसला असता. यानं १९८८ मध्ये 'स्पिरिट ऑफ ईडन' काढला. इतका संथ, की ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं कोर्टात खेचलं. म्हणे, हा माल खपण्यासारखा नाही! दावा टिकला नाही, ते सोडा.

१९९१ मध्ये आणखी एक अल्बम, मग बँडची पांगापांग. आणि १९९८ मध्ये एकट्याचा अल्बम. नावही नुसतं 'मार्क हॉलिस', दारावरच्या पाटीसारखं!

आत काय? पियानो, गिटार, क्लॅरिनेट, बासून. एके काळी सिंथेसायझरवर नाव कमावलेला माणूस, इथं तो औषधालाही नाही. म्हणे दोनच माइक लावले आणि वाजवणाऱ्यांना कुणाला जवळ, कुणाला लांब बसवलं. तारेवरून बोट सरकलेलंसुद्धा कळतं हो! आवाज इतका दबका, की मी पोळी तव्यावर टाकून स्पीकरपाशी जाऊन उभी राहिले. पोळी करपली, ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

त्यात 'अ लाइफ (१८९५–१९१५)' म्हणून आठ मिनिटांचं गाणं आहे. लेखिका व्हेरा ब्रिटनचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, तो रोलंड लेटन पहिल्या महायुद्धात गेला, विसाव्या वर्षी. त्याच्यावरून सुचलेलं. पण रडारड नाही, आरडाओरडा नाही.

त्यानंतर? घर आणि पोरं. दुसरा अल्बम काढलाच नाही. लोकांनी नाही नाही ते तर्क लढवले. रुसला म्हणे, आटला म्हणे. मला विचाराल तर सांगायचं ते सांगून झालं, म्हणून थांबला. नाहीतर आपल्याकडचे गायक, निरोपाचे कार्यक्रमच चार-चार!

लिंक पाठवते. पण ऐका रात्री, कुकर उतरल्यावर. आणि सुरुवातीला काही सेकंद नुसती शांतताच आहे, तेव्हा फोन बिघडला म्हणून आपटू नका.